तात्यांच्या ओट्यावर ओतलेल्या अळ्या

निरवांगी, बुधवार, दिवेलागणीला

आजचं आजच लिहून ठेवते. बरं वाटतंय का मला? हो, वाटतंय.

शेजारच्या तात्यांनी त्यांच्या गुलछडीचे किडके दांडे खुडून आमच्या बांधालगत ढीग लावला होता. त्यातल्या अळ्या माझ्या गुलछडीत शिरल्या आणि ऐन गणपतीच्या तोंडावर त्यांनी कळ्या आतून पोखरल्या. औषध मारलं, पण कळीच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ते पोचतच नाही. ढीग जाळा म्हणून सांगायला गेले, तर तात्या हसले. "आगं सूनबाई, अळीला काय पाय हायत व्हय, बांध वलांडायला?" ते हसणं काही डोक्यातून जाईना.

आज दुपारभर एकेक कळी उकलून जिवंत अळ्या डब्यात भरल्या आणि तशीच उठले. तात्या पाहुण्यांबरोबर ओट्यावर चहा पीत होते. त्यांच्या पायाशीच डबा उपडा केला.

"पाय न्हाईत ना त्यांना, म्हणून मीच आणून सोडल्या."

पाहुण्यांनी पाय वर घेतले. तात्या या वेळी हसले नाहीत. थोरल्या माणसाशी असं वागू नये? नसेल वागायचं. पण माझ्या कळ्यांचं काय?

तात्यांची बायको दारातून बघत होती. "ती म्हंती ते खरं हाय," एवढंच बोलली आणि काडेपेटी घेऊन बांधाकडं निघाली.

आत्ता तो ढीग जळतोय. धूर सरळ आमच्या घरात येतोय, डोळे चुरचुरतायत. सासूबाई म्हणाल्या, खिडकी लाव.

मी नाही लावली.