कोपऱ्यातले नऊ पेन्स

३ जुलै २०१७, अल मलाझ
मी सांगते, लाइबा लिहिते. नातीने मधे आपलं काही घुसवायचं नाही, असं ठरलंय.
सौदीत आता बाहेरून आलेल्यांच्या घरच्यांवर माणशी नवी फी, दर महिन्याला. माझा मुलगा यूनुस कामाला आहे त्या दुकानात काउंटरवर आता सौदीच हवा, म्हणून तो गोडाऊनमध्ये, अर्ध्या पगारावर. काल सुनेला सांगत होता, अम्मीला दापोलीला पाठवू. मी ऐकत नव्हते. दार उघडं होतं, एवढंच. मला राहायचा मुळीच हट्ट नाही. फक्त लाइबाची वेणी दुसऱ्या कुणाला जमत नाही.

४ जुलै
मिटलं सगळं. माझ्या ट्रंकेत तळाला सात जुनी कॉमिक्स आहेत. लाइबाचे आजोबा बोटीवर होते, त्यांनी यूनुससाठी लंडनहून आणलेली. लाइबा ओरडली, दादी, दीज आर व्हिंटेज! वरच्या मजल्यावरचे बँकवाले अरविंद असली जमवतात. शुक्रवारी येतायत. फीचा प्रश्न सुटला.

५ जुलै
प्रत्येक पुस्तकाच्या कोपऱ्यात किमतीचा गोल शिक्का, आत 9d. लाइबाने मोबाइलवर शोधलं. d म्हणजे पेनी. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड. तिचं डोकं फिरलं. माझं नाही. आमचा आणाही बारा पैंचाच होता. अक्षर येत नसलं म्हणून काय झालं? नऊ पेन्स म्हणजे पाऊण शिलिंग.
दुपारी झोप नाही. पाऊण शिलिंग! शेंगदाण्यांच्या पुडीचा भाव.

६ जुलै, सकाळ
अब्बांचं कापडाचं दुकान होतं. खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला कधी दाखवला नाही. आहेराच्या साडीवरचीही किमतीची चिठ्ठी काढतोच की आपण. लाइबा उठायच्या आत सातही कोपरे कापले. अगदी सरळ. आता ती ओरडतेय. ओरडू दे. लिही.

७ जुलै, शुक्रवार
अरविंद आले. विचारलं, आजी, किंमत कुठाय? मी ऐटीत म्हटलं, ती तुम्ही सांगायची.
त्यांनी सातही पुस्तकं उलटून पाहिली. मग म्हणाले, पुस्तकं अमेरिकेची, पण विकली इंग्लंडात, आणि तीही जुनी नाणी चालायची तेव्हा. हे त्या शिक्क्यावरूनच कळायचं. लोक तोच शोधतात. कापलेलं कुणी घेत नाही.
मी पानाच्या डब्यातून कोपरे काढून दिले. चुना लागला होता. त्यांनी बिस्किट अर्धंच खाल्लं.

९ जुलै
यूनुसने माझं तिकीट छापून आणलं. जायचंच फक्त. लाइबाची वेणी आज दोनदा घातली. तिकिटाच्या कोपऱ्यातली किंमत ती वाचून दाखवणार होती. मी कात्री मागितली.
सुनेने लपवून ठेवलीय.