हौसाबाईचं गंगावन

३ ऑक्टोबर २०२१, रविवार. किलकेनी

पोचलो एकदाचा. मास्कने कान दुखले, दुबईच्या विमानतळावर चालून पाय दुखले, आणि डब्लिनला काचेपलीकडे मुक्ता दिसली तसं सगळं दुखायचं थांबलं. दोन वर्षांनी लेक बघितली. जावई पियूष नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, माणूस मोकळा. मेंढ्यांच्या पाठीवर निळा रंग बघून मी म्हटलं, इथं मेंढ्यांचा पोळा असतो का, तर तो इतका हसला की गाडी हलली आणि मुक्ता त्याच्यावर ओरडली, आधी समोर बघ म्हणून.

घर छान आहे. माझी खोली वर. खिडकीतून नदी दिसते, नोर नाव. आमच्या कृष्णेपेक्षा अंगाने बारीक, पण पाणी वाहतं. ही वही पियूषने दिली. तात्या, आम्ही दिवसभर कामात, तुम्ही लिहीत जा म्हणाला. मी सातवी पास. इस्लामपुरात जन्मभर पिठाची गिरणी चालवली, डब्यांवर खडूने नावं घालण्यापलीकडे लिहिलं नाही. पण बघू.

डबा सुखरूप आला. कस्टमवाल्याने उघडला आणि झटक्यात मिटला. त्यात मुक्ताच्या आईचं गंगावन आहे. विंचरताना फणीत येणारं गुंतवळ ती जन्मभर साठवत आली आणि त्याची लांब वेणी बांधून घेतली, लग्नाकार्यात आपल्या केसांत मिसळायला. एप्रिलात ती कोरोनाने गेली. ती एका दवाखान्यात, मी दुसऱ्यात नळी लावून. नगरपालिकेने एकदम सगळ्यांना अग्नी दिला, राख कुणाची ते देणाऱ्यालाही सांगता येईना. भटजी म्हणाले, तिचे केस तरी आहेत, तेच वाहत्या पाण्यात सोडा, तिला वाट मिळेल. मी कृष्णेत सोडणारच होतो. मुक्ता फोनवर रडली, तात्या थांबा, मला येता आलं नाही, तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे. म्हणून डबा उशाशी ठेवून थांबलो. येत्या रविवारी समुद्रावर जायचं ठरलंय.

६ ऑक्टोबर, बुधवार

आज सर्वपित्री. मागच्या अंगणात पान ठेवलं. इथले कावळे माजलेले, हाक मारायच्या आत पान साफ.

दुपारी ग्रोनियाबाई आल्या. साठीच्या, तांबूस केसांचा मोठा अंबाडा, हसल्या की घर दणाणतं. दागिने घडवतात. लॉकडाऊनमध्ये मुक्ता त्यांच्याकडूनच चांदीकाम शिकली. नोकरी सांभाळून मागच्या शेडमध्ये ठोकत बसते. महिनाअखेरीला हॅलोविन. गावातले चित्रकार आणि दागिनेवाले मिळून जुन्या चर्चच्या हॉलमध्ये आपलं काम मांडणार आहेत. मी विचारलं, हॅलोविन म्हणजे काय. पियूष म्हणाला, मेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात असं इथले लोक मानायचे, आता पोरं भुतं बनून चॉकलेटं मागतात. म्हणजे यांचीही सर्वपित्रीच. फक्त पान माणसांनीच खायचं.

मुक्ताने त्यांना डबा दाखवला. मला न विचारता. बाईंनी गंगावन हातावर घेतलं, गालाला लावलं, डोळे भरून आले त्यांचे. त्यांच्याकडे पूर्वी मेलेल्या माणसाचे केस विणून दागिना करायचे आणि अंगावर घालायचे म्हणे, आठवण म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे असलं करत नाहीत. मुक्ताने हे त्यांना सांगितलं का, कोण जाणे.

१० ऑक्टोबर, रविवार

समुद्र राहिला. मुक्ताला प्रदर्शनाचं काम. पियूष म्हणाला, पुढच्या रविवारी नक्की तात्या, सगळं ग्रँड होईल. हा माणूस पावसालाही ग्रँड म्हणतो.

ही असती तर आज माझ्याकडे पाठ करून बसली असती. रागावली की बोलायची नाही. फणी घ्यायची आणि विंचरत बसायची, तास तास. केस मोकळे, फणीचा तो चरचर आवाज, आणि मी दारात उभा. भाकरी वेळेवर मिळायची. बोलणं मिळायचं नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

डबा रिकामा आहे!

जिन्याखालच्या कपाटात होता, त्याला इथे प्रेस म्हणतात. आज समुद्रावर जायचं म्हणून काढला. हलका लागला. झाकण काढतो तर आत नुसता कागद. शेडमध्ये गेलो. टेबलावर ती वेणी, पिळून पिळून दोरासारखी बारीक विणलेली, दोन्ही टोकांना चांदीच्या टोप्या, त्या एकमेकींत अडकवायला फासा. गळ्यात घालायचा हार! बाजूला कात्री, आणि कापलेल्या केसांचे तुकडे जमिनीवर, पायदळी.

मी काय बोललो ते लिहीत नाही. शेजारच्या घराची खिडकी उघडली एवढं खरं. मुक्तानेही सोडलं नाही. म्हणाली, तात्या, तुम्हाला ती चाळीस वर्षं मिळाली, मला फोनवर मिळाली, आणि उरलंसुरलं ते तुम्ही पाण्यात टाकायला निघालात. म्हणाली, मला तिला सोडायचंच नाही. मी म्हटलं, तुला नसेल सोडायचं, तिला जायचंय त्याचं काय? म्हणाली, तुम्हाला काय माहीत तिला काय हवंय, तुम्ही कधी विचारलंत?

पियूष दोघांच्या मधे चहा घेऊन उभा. म्हणाला, बाप्पा, आता झालं ना, प्रदर्शन एकतीसपर्यंत आहे, ते संपलं की दुसऱ्या दिवशी समुद्र, माझी शपथ.

केर मी भरला. तुकडा न् तुकडा वेचून डब्यात ठेवला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रदर्शन उघडलं. नाही जाणार म्हटलं होतं, पण हिला तिथे एकटी ठेवायची नव्हती.

हॉलमध्ये भोपळे, जळमटं, कापडाची वटवाघळं. कुणाची काळोखी चित्रं, कुणाच्या हाडांसारख्या अंगठ्या, कवटीचे डूल. लोक मास्क लावून वाइन पितात, म्हणजे मास्क खाली करतात, पितात, वर करतात. मधोमध काचेच्या पेटीत, काळ्या मखमलीवर, ही. शेजारी छापलेलं कार्ड. त्यावर तिचं नाव, हौसाबाई. चाळीस वर्षांत मी चारचौघांत ज्या नावाने हाक मारली नाही ते नाव येणारा जाणारा वाकून वाचत होता आणि चुकीचं म्हणत होता. एक बाई भुताच्या टोपीत उभी राहून पेटीसोबत फोटो काढून घेत होती.

ग्रोनियाबाई माझा हात धरून काही म्हणाल्या, पियूषने सांगितलं, तुमची बायको इथली राणी आहे म्हणतात. मी मराठीत जे म्हणायचं ते म्हटलं. त्यांना वाटलं मी आभार मानले.

हार मखमलीवर गोल मांडलाय. चारी बाजूंनी बोटभर मखमल दिसते.

२५ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टीचा दिवस, गर्दी फार. पुन्हा गेलो. हार काचेला टेकलाय. कुठेच मखमल दिसत नाही. ग्रोनियाबाईंचं म्हणणं पियूषने सांगितलं, दमट हवेने केस सैल पडतात. मी गिरणीवाला, पट्टा सैल पडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. सैल पडलेली वस्तू लोंबते. ही ताणून बसली होती, भिंतीला पाठ लावून.

घरी आलो. संध्याकाळी मुक्ता खाली स्वयंपाकघरात, पियूष फोनवर. आणि माझ्या दाराबाहेर चरचर. थांबून थांबून. लांब केसांतून फणी ओढावी तशी. मुक्ताचे केस खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत.

दार उघडलं. कोणी नव्हतं.

२७ ऑक्टोबर, बुधवार

मुक्ताचे केस गळताहेत. न्हाणीघरातल्या जाळीवर मूठभर. तिने उचलून तसेच कचऱ्यात टाकले. मी ओरडलो, असे टाकतात का केस, गुंडाळून, तीनदा थुंकून टाकायचे, आई रोज करायची बघितलं नाहीस? तर म्हणाली, तात्या, प्लीज, आधीच टेन्शन आहे, थायरॉइड असेल, टेस्ट करते.

दुपारी कचऱ्याच्या डब्यात बघितलं. गुंतवळ नव्हतं. डबा कुणी रिकामा केलेला नव्हता.

हॉलमध्ये गेलो. चष्मा काचेला लावून बघितलं. हिचे केस पांढरे आणि काळे, सरळ. आता विणीत कुरळे आहेत. मुक्ताचे कुरळे आहेत.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

ग्रोनियाबाई हॉलमध्ये डोक्याला रुमाल बांधून आल्या. हसल्या नाहीत. अंबाडा जिथे असायचा तिथे रुमाल सपाट.

विणीत तांबूस केस आहेत. मी बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, खूप वेळ बघितलं, मग पेटीची किल्ली माझ्यासमोर धरली. न्या म्हणाल्या. तेवढं इंग्रजी मला कळतं. मी हात पुढे केला तेवढ्यात मुक्ता मधे आली. रविवारपर्यंत थांबायचं ठरलंय, तात्यांना कोणी भरीस पाडू नका म्हणाली. किल्ली तिने घेतली. आपल्या आईला कुलूप घालते आणि वर मला म्हणते, शांत व्हा, बीपी वाढेल.

ज्याने ज्याने हात लावला त्याचे केस ती घेते. मला काय, माझ्या डोक्यावर घ्यायला काही नाही. म्हणून मी सुटलो, की माझं काही दुसरंच—

आज चरचर थांबत नाही. मी आतूनच बोललो. कळलं मला, रागावलीस. माझ्यावर राग काढ, पोरीवर काढू नकोस. थांबली. मग परत सुरू.

३० ऑक्टोबर, शनिवार

मुक्ताने हार गळ्यात घातलाय. कोणा पेपरवाल्याला फोटो हवा होता म्हणून. आता फासा निघत नाही.

पियूषने पक्कड आणली. फासा हलत नाही. मी कात्री घेतली. एकच केस कापला— एकच— आणि मुक्ता अशी किंचाळली की कात्री हातातून पडली. म्हणाली डोक्यात कापलं, तात्या, माझ्या डोक्यात. तिची मान पाठीमागून लाल झाली आहे. हार सकाळी छातीवर येत होता. आता गळ्याशी आहे.

पियूष तिला दवाखान्यात नेतो म्हणतो. ती नको म्हणते. आवाज घोगरा झालाय. म्हणे तात्या, मला नुसतं ती जवळ हवी होती. आता रडते. आधी ऐकायचं नाही आणि मग रडायचं. तिची आईसुद्धा— दोघी सारख्या.



३१, रविवार. सकाळ

तिला श्वास पुरत नाही. पियूष गाडी काढायला गेलाय.

मी तिच्यापाशी बसलो. हाराला हात लावला. पहिल्यांदाच बोललो तिच्याशी तिचं नाव घेऊन. हौसा, म्हटलं, सोड तिला. मी नेतो तुला पाण्यावर. मी स्वतः.

फासा उघडला. आपोआप. हार सुटून माझ्या तळहातावर उतरला, मांजर उतरावं तसा. मुक्ताने एवढा मोठा श्वास घेतला, लहानपणी डांग्या खोकल्यात घ्यायची तसा. मानेवर वळ आहे, पण ती बरी आहे. बरी आहे. पियूषला म्हटलं तिच्याजवळ बस, मी चक्कर मारून येतो. समुद्राची वाट बघत बसायची नाही आता. नदी चालेल.

दुपार. नदीकाठ, बाकावर

घड्याळं आज मागे घेतलीत इथे. ऊन लवकर गेलं. भुतांच्या कपड्यातली पोरं पुलावरून चाललीत, एकाने मला हात केला.

डब्यातले तुकडे आधी सोडले. वाहत गेले. मग हिला सोडली. जा म्हटलं. मोकळी हो.

मनगटाला वेढा घातलाय, सुटत नाही.

एक टोक पाण्यात आहे. लांब. मी आणली तेव्हा एवढी नव्हती. प्रवाह खाली चाललाय आणि ती मधल्या खोल पाण्याकडे—

मी म्हटलं, जायचं होतं ना तुला? मग जा की. भटजी म्हणाले वाट मिळेल.

चरचर आता पाण्यातून येते.

दवाखान्यात एकटी गेलीस. माहीत आहे. आतासुद्धा एकटी जायचं नाही म्हणतेस. हे आधी बोलायचं. चाळीस वर्षं पाठ करून बसलीस, एकदा तरी तोंडाने बोलायचं होतंस. मला काय कळतं पाठीवरून—

दुसरा वेढा पडला. कोपरापर्यंत. वही मांडीवर दाबून धरली आहे, उजवा हात अजून—

मुक्ता, शेडला कुलूप लाव. तुझे केस परत येतील. आईवर रागवू नको. माझ्यावर राग

ओढू नको. अगं येतो म्हटलं ना, चप्पल तरी घालू—