जपानात उजवी बाजू वर

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप विठ्ठलराव यांना शशिकांतचा साष्टांग नमस्कार. इकडे धूर धरून सर्व क्षेम आहे. तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि कराडच्या नळाचं पाणी हे तिन्ही वेळच्या वेळी असावेत, अशी आशा करतो.

पत्रास कारण एक गंभीर तक्रार. नवरात्रात मी तुम्हाला फोनवर चांगला पानभर मजकूर पाठवला, की तुमच्या भाचीचं, आमच्या मयुराचं, लग्न ठरलं. मुलगा जपानी, नाव केन्ता, गुरुग्रामला तिच्याच ऑफिसात आहे, निर्व्यसनी आहे आणि वरणभात चमच्याने का होईना, पण मनापासून खातो. उत्तरादाखल तुमच्याकडून आला एक पिवळा अंगठा. विठ्ठलराव, पाणिनीने चार हजार सूत्रं रचली, पण अंगठ्याचा अन्वय कसा लावायचा हे कुठेही सांगितलं नाही. ही संमती की बोळवण? एकलव्याच्या अंगठ्याचा अर्थ निदान सर्वांना एकच लागत होता. मामा लग्नाला येणार की नाही, हे मला त्या अंगठ्यावरून अजून ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात व्याह्यांना भेटून यावं म्हणून आम्ही तिघं जपानला जाऊन आलो. तिथे जे घडलं ते मयुरा नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटोसकट टाकण्याआधी तुम्हाला माझ्या हातून कळावं, एवढाच माझा स्वार्थ. (फोटोत मी बरा दिसतो, हीच खरी अडचण आहे.)

व्याह्यांनी आम्हाला डोंगरातल्या, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी एका जुन्या पद्धतीच्या पाहुणघरात उतरवलं होतं. खोलीत सुती अंगरखे घडी करून ठेवलेले. त्यांना युकाता म्हणतात. बटण नाही, बंद नाही. दोन्ही बाजू छातीवर एकीवर एक घ्यायच्या आणि वरून पट्टा बांधायचा. प्रश्न एवढाच, की वर कोणती बाजू घ्यायची. त्याचं चित्र भिंतीवर लावलेलं होतं. कल्पनाने चित्र पाहिलं आणि अंगरखा घातला. मी विचार केला. (संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला हा रोग आयुष्यभर पुरतो.) जेवायला उजवा हात, प्रदक्षिणा उजवी, नव्या सुनेचं घरात आधी उजवं पाऊल, मग तीच बाजू खाली दडपायची हा अधर्म नव्हे काय? मी उजवी बाजू ठसठशीत वर घेतली. कल्पना म्हणाली, "अहो, चित्रात उलटं आहे." मी म्हटलं, चित्र आरशातलं असेल.

खाली जेवणघरात व्याही, विहीणबाई, केन्ता, मयुरा आणि केन्ताची आजी चटयांवर बसून वाट पाहत होते. मी दारात उभा राहिलो आणि बोलणी थांबली. विहीणबाईंनी मान खाली घातली. मी आदर समजून माझी आणखी खाली घातली. व्याही समोरच्या वाटीतल्या सूपकडे असे बघू लागले, की जणू त्यात माशी पडली आहे. पाहुण्याला "चुकलात" म्हणायची तिथे पद्धत नाही. (आमच्या मंत्रालयात वरिष्ठांनाही कुणी म्हणत नाही, पण त्याचं कारण वेगळं.) शेवटी केन्ता मयुराच्या कानाला लागला आणि मयुरा माझ्या.

"बाबा, उठा. तुम्ही डेड बॉडीसारखं घातलंय."

"प्रवासाने थकलोय गं."

"बाबा, यार! इथे उजवी बाजू वर फक्त प्रेताला घेतात!"

म्हणजे व्याह्यांसोबतच्या पहिल्या जेवणाला मुलीचा बाप स्वतःच्या अंत्ययात्रेच्या पोशाखात, कमरेला नीट गाठ मारून, भूक लागलेल्या चेहऱ्याने हजर झाला होता.

मी उठायच्या आत आजीच उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या कोपरापर्यंत. सर्वांदेखत त्यांनी माझा पट्टा सोडला. (आत बनियन आणि लेंगा होता, ही ईश्वराची कृपा.) बनियनच्या गळ्यातून जानवं डोकावलं, तर हे काय म्हणून त्यांनी केन्ताला विचारलं. आता विषय माझा होता. मी सांगितलं, की देवाचं करताना हे डाव्या खांद्यावर असतं आणि पितरांचं करताना उजव्या खांद्यावर घेतात. सव्य आणि अपसव्य. केन्ताने ते त्यांच्या भाषेत पोचवलं. आजींनी टाळी वाजवली, काहीतरी म्हणाल्या आणि सगळी पंगत हसली. केन्ताने मला हिंदीत सांगितलं (हिंदी तो गुरुग्रामच्या ऑटोवाल्यांकडून शिकला आहे), "दादी बोल रही हैं, इनको तो सब मालूम था, फिर भी?"

गाठ मारताना मात्र त्या हळू आवाजात आणखी काही बोलल्या, तेही केन्ताने सांगितलं. आपल्या हाताने उजवी बाजू वर घेतली होती ती एकदाच, नवऱ्याला शेवटचं नेसवताना. त्यामुळे कल्पनाच्या नवऱ्याला तसं जेवायला बसू देणार नाही. मग त्या माझ्या शेजारीच बसल्या आणि माझ्या पानातला, मी हात न लावलेला मासा स्वतःच्या पानात घेतला.

जेवताना त्यांनी लग्नाची चौकशी केली. (या वयात त्या दिल्लीला येणार आहेत.) मी अंतरपाट समजावून सांगितला. मुलीला तिथवर कोण आणतं, असं त्यांनी विचारलं. मामा. कसा आहे मामा? उंच, रागीट आणि हिच्या बारशाला कराडहून दिवसरात्र उभ्याने प्रवास करून आलेला. येणार ना तो? केन्ताचं भाषांतर पुरं व्हायच्या आत मी "हो" म्हणून गेलो. कल्पना पानाकडे बघत राहिली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शशिकांत

ता. क. कल्पनाने पत्र वाचलं. चित्राबद्दल तिने मला जिना उतरतानाही बजावलं होतं, हे मी गाळलं, असं तिचं म्हणणं आहे. मान्य.

आणखी ता. क. लग्न मार्गशीर्षात, आमच्या कॉलनीच्या समाजसदनात आहे. तुम्ही या. जपानी जावई पटत नसेल तर इथे येऊन माझ्याशी भांडा, खोली रिकामी ठेवली आहे. त्याच्याशी भांडायचं असेल तर हिंदीत भांडा, तो भाव करायलाही शिकला आहे.

शेवटचं. हे कल्पनाने वाचलेलं नाही, ती भाजी आणायला गेली आहे. पूर्वी ती रोज तुमच्या नावाने कुरकुर करायची, दादा असा, दादा तसा. नवरात्रापासून तिने तुमचं नाव घेतलेलं नाही. भाऊबीजेला तुम्ही फोन केला नाहीत, तिनेही केला नाही. दिवसभर माळा झाडत बसली. मयुराचं लग्न होईल, मामाच्या जागी मी कुणालातरी उभं करीन. पण त्यानंतर तुम्ही दोघं पुन्हा एकमेकांशी बोलाल, असं मला वाटत नाही, आणि त्याची मला भीती वाटते.