बाकावरचा ट्रेनर

४ मार्च
डॉक्टर म्हणाले, साखर वाढतेय, वजन उतरवा. तीन महिने देतो, नाहीतर गोळी सुरू, ती जन्माची. हिने लगेच कोपऱ्यावरच्या जिमचं पत्रक आणून ठेवलं. फी वाचूनच घाम फुटला. म्हणजे तेवढा व्यायाम फुकटात झाला. दुसऱ्याची लोखंडं उचलायची आणि वर पैसेही आपणच द्यायचे? हमाल निदान पैसे घेतो. हिला सांगितलं, उद्यापासून घर हेच जिम. ही म्हणाली, मग माळ्यावरच्या बॅगा खाली काढा. व्यायाम आणि काम यांत गल्लत करू नये.

५ मार्च, सकाळी ७.४०
पाचला उठलो. माहितीशिवाय व्यायाम धोक्याचा, म्हणून आधी मोबाइलवर अभ्यास केला. अंथरुणातच. वेळ कसा गेला कळलं नाही. मान आखडली. स्नायू जागे होत आहेत.

८ मार्च
तेलाचे रिकामे कॅन पाण्याने भरले. झाले डंबेल्स. डोक्यावर नेताना एकाचं झाकण निसटलं. गादी गच्चीवर वाळते आहे. ती वर कोणी नेली हा वाद झाला नाही, कारण हिनेच नेली.

१२ मार्च
ऑफिसात जिना सुरू केला. पहिल्याच मजल्यावर साहेब भेटले. म्हणाले, चेहरा असा का झालाय, घरी सगळं ठीक ना? वरिष्ठांना काळजीत टाकणं बरं नव्हे. पुढचे मजले लिफ्टने. मात्र पोट आत घेऊन.

१९ मार्च
सासरे राहायला आले. पंचाहत्तरी ओलांडलेली. ही म्हणाली, बाबांना सकाळी बागेत नेत जा. झालं. नेमकी माझी लय लागत होती, आता म्हाताऱ्या माणसाच्या पावलाने चालणं आलं.

२० मार्च
सासरे फार भरभर चालतात. अशास्त्रीय. आयुष्यभर पोस्टमन होते, पण चालण्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. मी बाकावर बसून त्यांची चाल तपासली. तपासायचं तर एका जागी बसावंच लागतं. दर फेरीला सूचना दिल्या. खांदे सैल, श्वास नाकाने. ते हो हो म्हणतात आणि पुढे जातात.

२७ मार्च
पांढऱ्या बुटांच्या एक आजी बागेत येतात. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, बाकावरून ओरडणारे हे कोण? सासरे अडखळले. मीच म्हणालो, ट्रेनर. आजी म्हणाल्या, मलाही शिकवाल का? फी किती? म्हणालो, घेत नाही, तत्त्व आहे माझं. आजी भारावल्या. मीही थोडा भारावलो.

६ एप्रिल
आजींनी मैत्रिणी आणल्या. एक रिटायर्ड बस ड्रायव्हरही आलाय. शिट्टी विकत घेतली. मी वाजवली की सगळे हात वर करतात. एवढी मेहनत बघून भूक लागते. परतताना क्रीमरोल. सासऱ्यांना विचारलं, ते नको म्हणाले. आहाराकडे लक्ष नाही त्यांचं.

२ मे
पँटचं बटण तुटलं. पोटाचे स्नायू तयार होत आहेत. स्नायू चरबीपेक्षा जड असतात, हे हिला नीट समजावलं. ती बटण लावत होती. म्हणाली, दोरा दुहेरी घेते.

४ जून
डॉक्टरांकडे गेलो. नको म्हटलं तरी ही सोबत आली. वजन वाढलेलं. साखरही. काट्याबद्दल शंका काढली, तर डॉक्टर स्वतः उभे राहिले. काटा बरोबर होता. गोळी लिहून देत म्हणाले, तुम्हाला एकट्याने जमायचं नाही. बागेत एक ट्रेनर फुकट शिकवतात, त्यांच्याकडे जा. माझी आई जाते, तिची गोळी अर्ध्यावर आली. माणूस फार कडक आहे म्हणे.
मी पंख्याकडे बघत राहिलो. ही म्हणाली, डॉक्टर, हे त्यांना चांगलं ओळखतात, पण त्यांचं ऐकत नाहीत.
रस्त्यात ही हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, बाबांना मी तुमच्यासाठीच बोलावलं होतं.
रात्री गोळी घेतली. लहान आहे, पण कडू.

५ जून
बागेत सासऱ्यांनी पहिल्यांदाच मला सूचना दिली. म्हणाले, उठा. उठलो. आजींना वाटलं आज प्रात्यक्षिक आहे. सगळे बाजूला सरून बघत उभे राहिले. नळापर्यंत चांगला गेलो. मग हिरवळ दिसली, तिच्यावर बसलो. आजींनी पदराने वारा घातला, ड्रायव्हरने पाणी आणलं. कोणीतरी विचारलं, हा कुठला व्यायाम? सासरे म्हणाले, दम खाण्याचा. आणि माझा हात धरून म्हणाले, उद्या नळाच्या थोडं पुढे जाऊ.
माणूस तसा समजूतदार आहे. उद्यापासून खरोखर सुरुवात.
परतताना मी रिक्षा केली. सासरे चालत निघाले. मी पोहोचलो तेव्हा ते अंघोळ करून पेपर वाचत होते. रस्त्यात ट्रॅफिक फार होतं.