अर्थिंगच्या खड्ड्याचं पाणी

आण्णा, काल माय पुन्हा तेच म्हणाली, "म्या त्या दिवशी घागर दिली असती तर ते वाचले असते." तुम्ही गेल्यापासून तिचं हे एकच पालुपद. ऐकून ऐकून डोकं फिरतं माझं.

त्या दुष्काळात लाइट सारखी जायची, दूध नासायचं, म्हणून गावच्या दूध सोसायटीनं जनरेटर आणला. वायरमन तुम्हीच, पॅनेलला तो तुम्हीच जोडला. बाहेर मीठ-कोळसा भरून अर्थिंगचा खड्डा केलात. तो ओला असला तरच पॅनेलच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जाते, म्हणून रोज त्यात घागर ओतायचात. तिकडं टँकरवर बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतायत आणि तुम्ही खड्ड्याला पाणी पाजताय. गाव म्हणायचं, "मान्साला प्यायला न्हाई आन ह्याचं भलतंच! येडं हाय का हे?" तुम्ही आपले खाली मान घालून ओतताय. सोसायटीनं पाणी बंद केलं, तर घरची घागर न्यायला लागलात. एका सकाळी माय दारात आडवी उभी राहिली. "लेकरं तान्हेली हायत. आज न्हाई मिळायची." "ऱ्हाऊ दे, एका दिसानं काय हुतंय," म्हणालात आणि गेलात. दुपारी लाइट गेली, जनरेटर लागला. पॅनेलचं दार उघडायला तुम्ही हात लावला, तो सुटलाच नाही.

सोसायटी कधीच बुडाली. मीही तुमच्याच धंद्यात पडलो, आणि परवा तिथलं भंगार काढायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात आलं. जनरेटरचं झाकण काढलं. त्याच्या न्यूट्रलपासून, म्हणजे वीज परत येते त्या टोकापासून, पॅनेलच्या पत्र्यापर्यंत जाड पट्टी लागते, ती कधी जोडलेलीच नव्हती. पट्टी टेकवायला खरवडतात तो रंगसुद्धा जसाच्या तसा होता. ती असती तर पत्र्यातली वीज तिच्यातून परत फिरून, खड्डा कोरडाठाक असूनही, फ्यूज तिथल्या तिथं उडाला असता. आणि ती नसताना ओला खड्डाही पुरला नसता. काय केलंत हो हे, आण्णा! पाण्यासाठी अख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्यात, आणि एक पट्टी राहिली?

काल मायला सांगूनच टाकलं. वाटलं, तिच्या छातीवरचा धोंडा तरी उतरेल. "माय, तुझ्या घागरीनं काई झालं न्हाई गं. आण्णांनी पट्टीच जोडली नव्हती."

ती असली भडकली! "त्येंच्या हातनं चूक? गप बस! लई शाना झालास. म्या पानी दिलं न्हाई, म्याच मारलं त्येन्ला." तुमच्यावर बोल येण्यापेक्षा तुमचं मरण आपल्या माथ्यावर घेऊन बसणं तिला सोपं वाटतं. आता काय करावं माणसानं?

मी म्हणालो, "हां माय. मलाच नीट दिसलं नसंल." मग ती शांत झाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहितो. आण्णा, चूक माझ्याच नजरेची म्हणताना मलाही बरं वाटलं.