निरोप न मिळालेल्या पेशी

ऑकलंड, ११ जून २०१८

ती. वन्सं यांस,
लेसिएलीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ओरडता नि मी रडते, म्हणून लिहितेय. सेमिसीबाळाची दोन्ही मूत्रपिंडं सुजलीत. पाठीत नळी घालून लघवी पिशवीत घेतात. नळी निघू नये म्हणून दिवसभर त्याचे हात धरून बसते. खोलीची खिडकी उघडत नाही. तो पाळण्यात अडकलाय, मी खुर्चीत.

गरोदरपणी मी गळ्यात माळ घातली म्हणून लेकराची लघवीची नळी आवळली, असं तुम्ही चर्चमध्ये सांगितलंत. ते इथवर पोचलं. आपल्या बेटावरच्या इथल्या बायका डबा देतात नि माझ्या गळ्याकडे बघतात. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, माळेचा काही संबंध नाही. लघवी आपोआप उतरत नाही, नळीचे स्नायू तिला ढकलतात. पोटात बाळ घडताना नळीभोवतीच्या पेशींनी स्नायू व्हायचं असतं. याच्या पेशींना तो निरोपच मिळाला नाही. वाट आहे, ढकलणारं कोणी नाही, म्हणून तुंबतं.

हे कधी कधी रक्तातून येतं. माझ्यात सापडलं नाही. आता तुमच्या घरचं रक्त हवं, म्हणजे घराण्यातली बाकीची मुलंही वेळेत तपासता येतील. तुम्ही त्याच्या आत्या, नि आपल्यात आत्याचा शब्द शेवटचा. तुमच्या शब्दाशिवाय तुमचा भाऊ पेनी दंड पुढे करायचा नाही. हो म्हणा.

राग धरा, पण उत्तर धाडा.
लेसिएली

नेइआफू, वावाउ बेट, २ जुलै

चि. सौ. लेसिएलीस आशीर्वाद.

सासरच्या रक्ताला नावं ठेवायला परदेशात बरी जीभ फुटली! दोन दिवस पेनीशीसुद्धा बोलले नाही. मग त्याला घेऊन दवाखान्यात गेले. आधी माझाच दंड पुढे केला.

तू घरात येण्याआधी मला दोन मुलगे झाले होते. दोघांची पोटं तट्ट फुगली. वर्ष पाहिलं नाही एकानेही. सासू म्हणाली, मी भरल्या दिवसांत दोरीला गाठी मारल्या म्हणून. नवऱ्याने इथे माहेरी आणून सोडलं, ती मी इथेच आहे. मला आधी कोणी बजावलं नव्हतं गं. म्हणून तुझ्या माळेवर ओरडत होते.

पोराला आत्याचा पापा. तू जेवत जा.
कालोलाइने

ऑकलंड, २० ऑगस्ट

ती. वन्सं, सा. न.

रक्ताचं कळलं. पेनीत आहे, त्याला कधी बाधलं नाही एवढंच. तुमच्यातही आहे. गाठींनी काही झालं नव्हतं, वन्सं. मी दोनदा विचारून घेतलं.

सेमिसीचं ऑपरेशन झालं. अरुंद तुकडा कापून नळी पुन्हा जोडली. उजवं मूत्रपिंड वाचलं, डावं गेलं. घरी कधी, विचारलं की बघू म्हणतात. वावाउला त्याला सांभाळणारे डॉक्टर नाहीत. तेव्हा इथेच.

डॉक्टरीणबाईंनी आपलं घराणं कागदावर काढलंय. मुलगा म्हणजे चौकोन, गेला असेल तर त्यावर रेघ. तुमच्या नावाखाली रेघ मारलेले दोन चौकोन आहेत, रिकामे. मुलांची नावं काय होती?

तुमची माया राहू द्या, मला इथे दुसरं कोणी नाही.
लेसिएली

नेइआफू, ९ सप्टेंबर

लेसिएली, पोरी,

तुझं पत्र चर्चमध्ये उभं राहून सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. माळेचं आता कोणी काढणार नाही, काढलं तर मी आहे. तुला तिथून सोडवणं मात्र माझ्या हाती नाही, माझा शब्द तिथे चालत नाही.

थोरला मानासे. धाकटा आइसेआ. नीट अक्षरात लिही. एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

तुझीच,
कालोलाइने