हयातीचा दाखला

शेवगाव,
१८ फेब्रुवारी १९७३

प्रिय यशया,

सलाम. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लिहायला बसले की पाण्याचा टँकर आल्याची हाक येते आणि हंडे घेऊन पळावं लागतं. आज रविवार. उपासना आटोपली, अण्णा ओट्यावर डुलकी घेताहेत, म्हणून बसले आहे.

अण्णांची पेन्शन कुठे अडकली असं तू विचारलंस. अडकली नाही, त्यांनीच अडवली आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना ट्रेझरीत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागते, ते तुला माहीत आहे. त्या दिवशी अण्णा अजूनही तपकिरी कोट घालतात, जणू एखादी शाळाच तपासायला निघालेत. या खेपेला गुडघे दुखत होते म्हणून मी रजा काढून बरोबर गेले. कचेरीच्या आवारात दुष्काळी कामावरची माणसं रांगेत बसलेली. त्यांची मजुरी थकली होती. त्यात वरच्या वस्तीचा सहादेव होता. तो शाळेत असताना अण्णा तिथे तपासणीला जायचे. अण्णांना पाहून तो उठून उभा राहिला आणि कशाला आलात म्हणून त्याने विचारलं. अण्णांनी हयातीच्या दाखल्याचं सांगितलं, तर तो हसला. "बरं हाय साहेब. तुमी जित्तं हाय का, ते सरकार दरसाल इचारतं. आमाला कोन इचारतंय?"

सगळी रांग हसली, अण्णाही हसले. तेवढ्यात त्याच रांगेत मागे बसलेली छबूबाई म्हणाली, "इचारतं की, सारा भरायच्या टायमाला बरुबर इचारतं. वर शिक्षनाचा कर येगळा. आमची पोरं खडी फोडत्यात, मास्तरबी आमाला कळतो, पोरांम्होरं हुबा ऱ्हातो. पर मास्तरांच्या वरचं सायेब काय करत्यात ते एकदा कुनी सांगा. आन ते घरी बसलं तरी त्यांची पिन्शन चालूच." सहादेवने तिला गप्प बस म्हणून खुणावलं. ती म्हणाली, "मंग, खोटं हाय का?"

अण्णा ट्रेझरीची पायरी न चढताच मागे वळले. घरी कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "लिडिया, त्या बाईने विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही. उत्तर सापडलं की सही करीन." मला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. पण पुढच्या सोमवारी ते पाटी आणि खडू घेऊन नाल्यावरच्या दुष्काळी कामावर गेले. तिथे मजुरांची पोरं खडीच्या ढिगाआड बसलेली असतात, त्यांना मुळाक्षरं शिकवायला लागले. तेव्हापासून रोज जातात. तिथे सावली म्हणून फाटकी ताडपत्री आहे, आणि वय तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी सहादेव त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणून सोडतो.

परवा छबूबाई स्वतः आली. उंबऱ्यापाशीच बसली, चहा नको म्हणाली. "बाई, आमी आपलं यळ जावा म्हनून बोलतो. पोट जळतंय म्हनून त्वांड चालतं. म्हातारं उन्हात पडलं तर मला त्वांड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. त्यास्नी म्हना, घ्या बाबा तुमची पिन्शन." मी अण्णांना ते सांगितलं. ते म्हणाले, तिने माझी कीव केली, उत्तर कुठे दिलं?

तू लिहितोस तसं मी त्यांना पुष्कळ समजावलं. आपली आई गेली तेव्हा अण्णा सोनईच्या शाळा तपासत होते. निरोप पोचेपर्यंत आपल्याच माणसांनी कबर खणून ठेवली होती. तू लहान होतास, तुला आठवायचं नाही. पावसापाण्यात सायकल दामटून ज्या माणसाने गळकी छपरं बदलून घेतली, मास्तर येत नाही तिथे मास्तर आणून बसवला, त्याने म्हातारपणी चार घास सुखाने खाल्ले तर कुणाचं काय जातं? हे मी म्हणते आणि मला पटतंही. मग शाळेत जाते. वर्ग अर्धा रिकामा असतो, उरलेली मुलं सुकडीचा खाऊ कधी मिळेल ते विचारतात, आणि पहिल्या तारखेला माझा पगार मात्र पूर्ण येतो. छबूबाईचं म्हणणं खोडून काढायला मलाही शब्द सापडत नाहीत. अण्णा निदान उन्हात जाऊन शोधताहेत. मी शोधतही नाही, मला थकवा आला आहे.

हे सगळं ज्याच्यासाठी लिहिलं ते आता सांगते. मागच्या आठवड्यात जिल्हा परिषदेचा हुकूम आला. मला बढती मिळाली, शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून. नाव बदललंय इतकंच, काम अण्णांचंच. पगार चांगला वाढेल, पुढे पेन्शनही तशीच. अण्णांना मी अजून सांगितलेलं नाही. आज ते माझ्या पगाराची भाकरी खातात, कारण मी मुलांसमोर उभी राहते. उद्या मीही मास्तरांच्या वरची साहेब होणार. मग ते माझ्या घरचं ताट पुढे ओढतील की दूर सारतील, मला सांगता येत नाही. आणि यशया, मला ती जागा हवी आहे. वर्गात ओरडून घसा गेला, संध्याकाळी पाय सुजतात, एकदा तरी खुर्चीत बसून काम करावंसं वाटतं. ते न्यायाचं आहे का, हे ठरेपर्यंत मी थांबले नाही. शुक्रवारी होकार कळवून टाकला. एक मार्चला रुजू व्हायचं आहे. तू येत्या रविवारी ये. सहीसाठी त्यांची मनधरणी करायला येऊ नकोस. मी त्यांना हे सांगेन तेव्हा तू त्यांच्या शेजारी बस, म्हणजे त्यांचं तोंड पाहायची वेळ माझ्या एकटीवर येणार नाही.

तुझीच,
लिडियाअक्का